अस्वलांचा लिलाव

एप्रिल 2014 मधला तो शनिवार. त्याच्या आधीचा अख्खा आठवडा मी न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहराच्या बेसबॉल स्टेडियममध्ये खोल्याखोल्यांतून चिठ्ठ्या चिकटवत हिंडले होते. माझं कामच ते. बंद पडलेल्या धंद्याचं सामान मोजायचं, त्याची यादी करायची, प्रत्येक वस्तूला किंवा ढिगाला लॉट नंबर द्यायचा आणि लिलावाच्या दिवशी बोली लावणाऱ्याच्या शेजारी बसून कुठला लॉट कितीला गेला, कोणी घेतला, ते लिहीत जायचं. तोवर मी हॉटेलं केली होती, एक छापखाना, दोन बेकऱ्या, दातांचा एक दवाखाना. खेळाचा संघ कधी केला नव्हता.

संघाचं नाव न्यूअर्क बेअर्स. 1998 मध्ये सुरू झाला आणि 2013 चा हंगाम शेवटचा ठरला. सोळा हंगाम. त्यातलं पहिलं वर्ष तर स्टेडियम तयार नव्हतं म्हणून कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या मैदानावर काढलं. न्यूअर्कमध्येच जन्मलेले आणि न्यूयॉर्क यांकीजकडून कॅचर म्हणून खेळलेले रिक सेरोन यांनी तो उभा केला होता. नदीकाठी साधारण सहा हजार माणसं बसतील एवढं स्टेडियम, तीस मिलियनहून जास्त डॉलर खर्चून, सरकारी पैशातून बांधलं गेलं आणि जुलै 1999 मध्ये उघडलं. एका बाजूला रेल्वेचं ब्रॉड स्ट्रीट स्टेशन, दुसऱ्या बाजूला हायवे, त्यापलीकडे पसाइक नदी. आम्ही न्यू जर्सीतल्याच एडिसन गावची माणसं न्यूयॉर्कला जाताना न्यूअर्कवरून रोज जातो. इथे एक संघ खेळतो हे मला तो संपल्यावर कळलं, याचं वाईट वाटलं.

यादी करायला घेतली तेव्हा पहिला प्रश्न नेहमीचाच होता : यातलं संघाचं काय आणि दुसऱ्याचं काय? बेअर्स स्वतंत्र लीगमध्ये खेळत, आणि तिथेच स्वतंत्र लीग म्हणजे काय ते मला समजलं. अमेरिकेतल्या मायनर लीगमधले, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचे, बरेचसे संघ वरच्या एखाद्या मोठ्या क्लबशी बांधलेले असतात. खेळाडूंचा आणि प्रशिक्षकांचा पगार तो मोठा क्लब देतो, खालच्या मालकाने तिकिटं, जाहिराती आणि खाणंपिणं सांभाळायचं. स्वतंत्र संघाला वरून काही येत नाही. पगार, बॅटी, चेंडू, प्रवासाची बस, सगळं गेटवर जमलेल्या पैशातून. तिकीट खपलं नाही तर तो खड्डा भरून काढणारं कोणी नाही. म्हणून माझी यादी इतकी लांबली. सामान जवळजवळ सगळं त्यांचंच होतं. स्टेडियम तेवढं त्यांचं नव्हतं. विकायला निघालं ते उचलून नेता येण्यासारखं सगळं : पॉपकॉर्नचं यंत्र, हॉट डॉग फिरवणारे रूळ, बॅटिंगच्या जाळ्या, ढीगभर जर्सी, खोकी भरून टोप्या, मान डोलावणारे खेळाडूंचे पुतळे.

आणि दोन अस्वलं. मैदानात मुलांना हात हलवत फिरणारे ते पोशाख. एकाचं नाव रुपर्ट, दुसरीचं एफा. ही नावं कुठून आली हे मी तेव्हा विचारून घेतलं, आणि त्या दोन नावांत न्यूअर्कचा सगळा बेसबॉल आहे असं मला आजही वाटतं. जेकब रुपर्ट हे यांकीजचे मालक. 1930च्या दशकात त्यांनी इथला जुना बेअर्स संघ विकत घेतला. त्या संघाने 1937 साली 109 सामने जिंकले, आणि शेवटच्या मालिकेत कोलंबसविरुद्ध पहिले तिन्ही सामने हरून पुढचे चारही घेतले. एफा मॅनली या न्यूअर्क ईगल्सच्या मालकीणबाई. ईगल्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ, कारण तेव्हा मोठ्या लीगचं दार त्यांना बंद होतं. 1946 साली ईगल्स निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकले. पुढच्याच वर्षी मोठ्या क्लबांनी दार उघडलं, ईगल्सचा लॅरी डोबी मोठ्या लीगमधल्या क्लीव्हलंडला गेला, आणि प्रेक्षकही त्याच्यासारख्यांच्या मागे गेले. ज्यासाठी या संघाने जन्मभर झगडावं ते मिळालं आणि त्यातच संघ संपला. 1948 चा हंगाम झाल्यावर ईगल्स न्यूअर्कमधून उठले. 1949 नंतर बेअर्सही शहर सोडून गेले, कारण न्यूयॉर्कचे सामने घरबसल्या टीव्हीवर दिसायला लागले होते. एफा मॅनलींना 2006 मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. तिथे गेलेली ती पहिली स्त्री.

एफाचं डोकं मी स्वतः उचलून टेबलावर ठेवलं. बाहेरून मऊ लोकर, आत पिवळा पडलेला स्पंज. कपाळाच्या जागी एक पट्टी, घामाने इतकी कडक झालेली की बोटाने दाबली तर तशीच राहिली. जुलैच्या उन्हात कोणीतरी पोराने की पोरीने ती घालून मुलांना मिठ्या मारल्या असणार. मी चिठ्ठी डोक्यावर चिकटवली नाही, खाली टेबलाला चिकटवली.

शनिवारी सकाळी माणसं जमली. नेहमीचे व्यापारी लगेच ओळखू येतात, ते यंत्राची पाठ बघतात, वायर ओढून बघतात. बाकीचे तसे नव्हते. त्यांना घ्यायचं काही नव्हतं, त्यांना फक्त यायचं होतं. ती मैदानाकडे तोंड करून खुर्च्यांवर बसली, जशी सामन्याला बसत असतील तशी. एक सत्तरीच्या पुढचे आजोबा मात्र माझ्या टेबलाशी आले आणि विचारलं, "स्कोअरबुकं कुठल्या लॉटमध्ये आहेत?"

मी यादी पाहिली. स्कोअरबुक असा लॉट नव्हताच. शोधलं तेव्हा कळलं, ती मीच स्टेपलर, पंच आणि रिकाम्या फायलींबरोबर एका खोक्यात घातली होती. मी बेसबॉल जाणत नाही. मला त्या आखलेल्या वह्या हिशेबाच्या वाटल्या होत्या.

आजोबांनी एक वही उघडली आणि माझ्यासमोर धरली. पेन्सिलीने भरलेले चौकोन. लहानपणी गावच्या मैदानावर क्रिकेटच्या स्कोअररशेजारी बसून मी टिंबं मोजायचे, मेडन ओव्हरचा इंग्रजी एम काढलेला बघायचे. इथे टिंबं नव्हती. प्रत्येक जागेला एक आकडा. 6-4-3 म्हणजे चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला आणि दोघे कसे बाद झाले, ते. इंग्रजी के म्हणजे बॅटर स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइक होऊन बाद. आणि काही के आरशात दिसावेत तसे उलटे होते.

"हा बॅट न फिरवता बाद झाला," ते म्हणाले. "नुसता बघत उभा राहिला."

पानं उलटत ते 2004 च्या वहीपाशी आले. रिकी हेंडरसन. बेस चोरण्यात, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसवर पळून जाण्यात, त्याच्याइतका कोणी झाला नाही, मोठ्या लीगमध्ये 1,406 वेळा. आधीच्या वर्षी चव्वेचाळिसाव्या वर्षी, कोणताही मोठा क्लब घेत नाही म्हटल्यावर, तो न्यूअर्कला येऊन खेळला, आणि जुलैमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याला इथूनच उचललं. 2004 मध्ये तो पुन्हा इथेच आला आणि 91 सामन्यांत 37 बेस चोरले. स्वतंत्र लीग असते ती अशा माणसांसाठीही : ज्यांना वरून कोणी बोलावत नाही पण खेळ सुटत नाही. आजोबांचं बोट एका चौकोनावर थांबलं. फुकट पहिला बेस, मग दुसरा चोरलेला. "मी या बाजूला बसलो होतो," त्यांनी हाताने दाखवलं. "सगळ्या स्टेडियमला ठाऊक होतं तो पळणार. पिचरलाही."

बेअर्स ज्या स्वतंत्र लीगमध्ये होते ती अटलांटिक लीग त्यांनी 2002 आणि 2007 मध्ये जिंकली. मग मालक बदलत गेले. 2011 मध्ये संघ कॅन-अॅम या दुसऱ्या स्वतंत्र लीगमध्ये गेला, तीन हंगामांनी थांबला. थोड्याच अंतरावर ब्रिजवॉटरमध्ये सॉमरसेट पेट्रियट्स त्याच अटलांटिक लीगमध्ये भरल्या स्टेडियममध्ये खेळत होते, त्यामुळे या भागात बेसबॉल चालत नाही असं कोणी म्हणू नये. न्यूअर्कमध्ये संध्याकाळी कामाची माणसं गाड्या पकडून बाहेर जातात. त्यांना नदीकाठी थांबवणं जमलं नाही, एवढं मला दिसतं.

त्या खोक्याची बोली आली तेव्हा दुपार झाली होती. नियमाप्रमाणे यादी एकदा छापली की लॉट फोडता येत नाही. मी आजोबांना तसं सांगितलं होतं, आणि ते बोली लावायचा नंबर काढून आले होते. पाच डॉलर. एक वार, दोन वार, तीन वार. दुसरा हात वर गेला नाही.

पैसे भरायला आले तेव्हा त्यांनी स्टेपलर आणि पंच माझ्या टेबलावर एकेक करून काढून ठेवले आणि वह्या तेवढ्या कापडी पिशवीत भरल्या. पावती वाचली. मान वर केली नाही.

"इथे 'ऑफिसचं किरकोळ सामान' लिहिलंय," ते म्हणाले.

मी पावती परत मागून घेतली, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं : 'स्कोअरबुकं, न्यूअर्क बेअर्स.' मग माझ्या यादीतही तसंच केलं. त्यांनी पावती 2004 च्या वहीत, त्या पानाशी ठेवली.