कूलर कुठं लावणार?

पोरांच्या खोलीचं माप घ्यायला सुतार आला होता. बायकोनं मोबाईलवर जमवलेली चित्रं त्याला दाखवली. दोन मजली पलंग, खाली ओढायचे खण, भिंतीत बसवलेलं कपाट, प्रत्येक कप्प्यावर पोराच्या नावाची पाटी. वरच्या मजल्यावर कोण झोपणार यावरून बहीणभावात आधीच अबोला होता. सुतारानं सगळं निवांत पाहिलं, टेप गुंडाळला आणि म्हणाला, "होईल सगळं भाऊ, पण कूलर कुठं लावणार?"

त्या चित्रांत कूलर नव्हताच. ती काढणाऱ्यानं जळगावचा मे महिना बघितलेला नसणार.

"आणि वर स्लॅब आहे," सुतार पुढं म्हणाला. "वरचं पोरगं भरताच्या वांग्यासारखं भाजून निघेल." पाच मिनिटांत दोघांचं भांडण खालच्या मजल्यावर आलं.

कूलर एकदा खिडकीत बसला की खोलीत बाकी कुणाचं चालत नाही. त्याच्या समोर कपाट नको, त्याच्यासमोरचं दार बंद नको, नाहीतर हवेला बाहेर जायला वाट राहत नाही आणि रात्रभर नुसता ओलसर उबारा फिरत बसतो. त्यामुळे आमच्याकडच्या खोल्यांत सगळं सामान दोन भिंतींना चिकटून उभं असतं आणि मधला पट्टा मोकळा. त्या पट्ट्यात कोण झोपणार, हा खानदेशातल्या भावंडांचा खरा तंटा. नावाच्या पाट्या लावून तो मिटत नाही.

आमच्या लहानपणी, धरणगावकडच्या गावात, घरी कूलर नव्हता. तरी खोली आमची कधीच नव्हती. आक्का, मी आणि धाकटा अशा तिघांची म्हणून जी मधली खोली होती, ती दसऱ्यानंतर कापसाची व्हायची. पहिली वेचणी कोपऱ्यात पडायची, दुसरीनं अर्धी खोली जायची, तिसरी आली की आमच्या गोधड्या दाराशी. 1972 पासून सरकारची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा. केंद्र कधी उघडेल, आपल्या गाडीचा नंबर कधी लागेल आणि चुकारा कधी हातात पडेल, यातलं काहीही आप्पांच्या हातात नव्हतं. तोवर कापूस घरातच. आता ती योजना नाही, पण भाववाढीची वाट बघत घरात कापूस भरून ठेवणारे अजून आहेतच, आणि त्यांच्याही पोरांच्या अंगाला खाज सुटत असणार.

कापसावर उड्या मारायच्या नाहीत, कापसाजवळ पाणी न्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे कापसाच्या खोलीत चिमणी किंवा कंदील न्यायचा नाही. वीज गेली की आमचा अभ्यास ओट्यावर. पहिल्या दोन नियमांबद्दल मी इथं काही बोलत नाही. तिसरा मात्र धाकट्यानंसुद्धा कधी मोडला नाही, आणि तो बाकी काहीही मोडायचा.

कापूस गेला की चार दिवस खोली एकदम मोठी वाटायची. मग चैत्रात बिबडे, पापड, कुरडया. आमच्या दोन्ही खाटा धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर जायच्या, त्यांच्यावर आईची जुनी लुगडी पसरायची, आणि आम्ही जमिनीवर. रात्री मात्र धाब्यावरच झोपायचं, त्याच्याइतकं सुख नाही. तिथंही जागा ठरलेल्या होत्या, कडेला आक्का, कारण धाकटा झोपेत लोळत जायचा. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायचे, तरी जुलैत कुठं ना कुठं गळायचंच. मग अंथरुणं थेंब बघून लागायची. पातेल्यात टपटप चालू, आजी ओसरीतून ओरडतेय, "हाई घर शे का बजार?"

एवढ्या सगळ्यातून जी काही जागा उरायची, तिची व्यवस्था आक्का करायची. तिनं कपड्यांच्या वलणीला दोन गाठी मारल्या होत्या. दाराकडचा भाग माझा, मधला धाकट्याचा, आतला तिचा. दुसऱ्याच्या हद्दीत टॉवेल गेला की तो जमिनीवर. कोनाडे तीन होते, त्यातला सर्वांत वरचा तिचा, त्याला परकराच्या कापडाचा पडदा. धाकट्याला सगळ्यात खालचा. तो उंच झाल्यावर त्यानं कोनाडे बदलून मागितले, तर आक्का म्हणाली, वाकायला काय झालं? पत्र्याच्या पेट्या एकावर एक, तिची खाली, कारण ती मोठी. म्हणजे तिला काही काढायचं असलं की आम्ही दोघांनी आपापल्या पेट्या उतरवायच्या. आमच्या गोट्या, भोवरे, कुणाचं तरी आणलेलं सेलचं टॉर्च, सगळं जप्त होऊन त्याच पेटीत जायचं आणि परीक्षा संपल्यावर मोजून परत मिळायचं. तक्रार आईकडे नेली तर आई म्हणायची, तिला विचारा.

मला अजून दाराकडेच झोप लागते. पाहुण्यांच्या घरी, लॉजवर, कुठंही. बायकोला याचा वैताग येतो. दाराकडे उजेड येतो, डास येतात, सगळं खरं. मी तिला वलणीचं कारण सांगितलं, तर ती म्हणाली, म्हणजे तुझी जागा तुझ्या बहिणीनं ठरवली आणि तू अजून तिथंच आहेस. असेल.

आक्काचं लग्न झालं त्या आठवड्यात धाकट्यानं तिचा कोनाडा घेतला. वलणीची एक गाठ मी सोडली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिची पिशवी कुठं ठेवायची हे कुणालाच सुचेना. मग ती दाराशी राहिली, चार दिवस. तिनं त्यावर काही म्हटलं नाही, फक्त धाकट्याला सांगितलं, कोनाडा पुसून घेत जा.

पुढं ते घर पाडून स्लॅबचं झालं. आप्पा गेले, वारस लागले, सातबाऱ्यावर तिघांची नावं आली. नंतर वाटणीचं निघालं तेव्हा आक्काला हक्कसोडीसाठी बोलावलं. बोलावलं म्हणजे, फोनवर मी फक्त "येऊन जा" म्हणालो, कशासाठी ते तिनंच सांगितलं. आमच्याकडे ही रीतच आहे, बहिणी येतात, सही करतात, साडी घेऊन जातात. महाराष्ट्रात 1994 पासून कायदा मुलीला बरोबरीचा वाटा देतो, देशभर 2005 पासून. हे तिला माहीत होतं. तिच्या नणंदेनं सही केली नव्हती, तो सगळा किस्सा आक्कानंच आम्हाला हसत हसत सांगितला होता.

निबंधक कार्यालयात गर्दी होती, पंखा होता पण फिरत नव्हता. तिनं चष्मा लावला आणि कागद पहिल्यापासून वाचला. आम्ही दोघांनी तो वाचलेला नव्हता. एका जागी गट नंबर चुकला होता, तो तिनं लिहिणाऱ्याकडून दुरुस्त करून घेतला. मग दाखवतील तिथं सह्या केल्या, अंगठा दिला, आणि बोटाची शाई पुसायला धाकट्याचा रुमाल मागितला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रसवंतीवर तिघं बसलो. बर्फ कमी टाक, असं तिनं धाकट्याच्या ग्लासाबद्दल सांगितलं, त्याला सर्दी होते म्हणून. पैसे द्यायला आम्ही दोघंही उठलो, पण तिनं आधीच दिले होते.