धाकटीचं कन्यादान का केलं नाही

धाकटीच्या लग्नाला आता चार वर्षं होतील. तरी कुठल्याही मांडवात गेलो की पंगतीत कुणीतरी शेजारी सरकतं आणि विचारतं, “गुरुजी, थोरलीचं कन्यादान डोळ्यांत पाणी आणून केलं तुम्ही. मग धाकटीचंच काहून नाही केलं जी?”

आजवर मी वेळ मारून नेली. मुहूर्त जवळ आला होता, असंही एकदा सांगितलं. ते खोटं होतं. मुहूर्ताला चांगला पाऊण तास होता आणि काशाचं भांडं, दर्भ, अक्षता सगळं भटजींनी मांडून ठेवलं होतं. धाकटीनं हट्ट धरला असेल, अशी पुष्कळांची समजूत आहे. तीही खरी नाही. ती म्हणाली होती, “बाबा, तुम्हाला करायचं तर करा, मला चालेल.” नको मी म्हटलं. नातेवाईक रुसले, बायकोचे मामा जेवायला थांबले नाहीत. त्याचं उत्तर धाकटीला मागू नका, मला मागा.

एक शंका आधी मिटवतो. लग्न झालं का? झालं. विवाहहोम झाला, सप्तपदी झाली, आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं असं लिहिलंय. कन्यादानाचा तिथे उल्लेख नाही. पण कायद्याचं पुस्तक वाचून मी हे केलेलं नाही, त्यामुळे ते इथेच सोडतो.

तुम्हाला माहीत आहे, तीस वर्षं मी शाळा सांभाळून कीर्तन केलं आणि रुक्मिणी स्वयंवर हे माझं हातखंडा आख्यान. आपल्या मातीचंच ते. वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर आपल्या जिल्ह्यात. लग्न जमत नसलेल्या मुलींच्या आया मला मुद्दाम बोलावत, मुलीकडून एकनाथांची पोथी वाचून घ्या म्हणत. शके 1493 च्या रामनवमीला नाथांनी ती पोथी काशीत पुरी केली. बसून लिहिली काशीत, पण त्यातलं लग्न मराठी घरातलं. पळवून आणलेल्या मुलीचं लग्न भागवत एका श्लोकात उरकतं. नाथांना ते पुरलं नाही. त्यांनी रुखवत, हळद, विहिणींचे मानपान सगळं मांडलं. आणि त्यांच्याही आधी, तेराव्या शतकात, रिद्धपुरात महदंबेनं याच लग्नाचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, गायले होते. म्हणजे मराठीतली पहिली कवयित्री तोंड उघडते ती एका मुलीच्या लग्नासाठी, आणि मुलगी कोणती, तर भावानं शिशुपालाला देऊ केलेली आणि तिकडे जायला नकार दिलेली.

हे सगळं मला पाठ होतं. थोरलीच्या लग्नाच्या वेळीही पाठच होतं.

2004 सालचा मी काय म्हणत असे, ते सांगतो, कारण आज तुम्ही तेच मला ऐकवता. तेव्हा एक तरुण शिक्षक मला म्हणाला होता, मुलगी ही काय दान द्यायची वस्तू आहे का? मी त्याला स्टाफरूममध्ये अर्धा तास ऐकवलं. दान म्हणजे टाकणं नव्हे, सोपवणं. आपण नवऱ्या मुलाकडून वदवून घेतो की धर्मात, अर्थात, कामात हिला ओलांडणार नाही, आणि तो तीन वेळा ‘नातिचरामि’ म्हणतो. वस्तू देताना कुणी असं वचन घेतं का? हा युक्तिवाद आजही मला अगदीच चुकीचा वाटत नाही. ज्यांनी श्रद्धेनं कन्यादान केलं त्यांना मी खाली पाहायला लावत नाही. माझ्या सासऱ्यांनीही केलं होतं, आणि त्यांच्याइतकं मुलीच्या मागे उभं राहणारं माणूस मी पाहिलं नाही.

पण त्याच विधीतला दुसरा श्लोक मी तेव्हा अर्थ कळत असूनही नुसता सुरात म्हटला होता. सोन्यानं मढवलेली ही कन्या विष्णुरूपी तुला देतो, ‘ब्रह्मलोकजिगीषया’. ब्रह्मलोक मिळवावा म्हणून. कुणाला? देणाऱ्याला. हिनं माझ्या ओंजळीत पाण्याची धार धरली, माझ्या हातून ती जावयाच्या हातात पडली, मी ‘न मम’ म्हणालो आणि रडलो. माझी नाही. मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं होतं. ते रडणं खरं होतं, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

आता 2006 चा आषाढ.

सकाळी साडेसहाला थोरली दारात उभी राहिली. भिजलेली, हातात एकच पिशवी. पहाटेच्या पहिल्या गाडीनं आली होती. चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसली. हिनं पोहे केले. दोन घास खाऊन ती म्हणाली, “बाबा, मी आता तिकडे जाणार नाही.”

मी पहिला प्रश्न विचारला तो, मारतात का? नाही म्हणाली. दारू? नाही. पैसे मागतात? नाही. मग काय? तिनं थोडं थांबून सांगितलं, “माझ्याशी कुणी बोलत नाही, बाबा. आठ आठ दिवस. मी बी.एड.चा फॉर्म आणला, तेव्हापासून घरात सगळे माझ्या अंगावरून जातात, ताट वाढून ठेवतात आणि बोलत नाहीत. हेही नाही.”

मला ते लहान वाटलं. खरं तर हायसं वाटलं, की एवढंच आहे. मी म्हणालो, घर आहे, भांड्याला भांडं लागतं. ती म्हणाली, भांडंसुद्धा लागत नाही बाबा, आवाजच नाही. मग ही उंबऱ्यातून म्हणाली, “चार दिवस राहू द्या तिला.” मी म्हणालो, “चार दिवस राहिली तर लोक चाळीस वर्षं बोलतील.” आणि मग थोरलीकडे वळून मी जे बोललो ते शब्दाला शब्द लिहितो. “बेटा, पाण्याची धार सोडून दिलंय तुला. न मम म्हटलंय मी. दिलेलं परत घेणारा बाप मी नाही.”

तिनं वाद घातला नाही. पोहे तसेच राहिले. चारच्या गाडीत मीच तिला बसवलं, तिकीट काढलं, कंडक्टरला सांगितलं की पोरगी एकटी आहे, लक्ष ठेवा. तिच्या हातात दोनशे रुपये ठेवले. तिनं ते माझ्या खिशात परत ठेवले. “तिकीट काढलंत ना, पुरे,” म्हणाली.

त्या रात्री शेजारच्या गावात सप्ताह होता आणि माझं आख्यान होतं रुक्मिणीच्या पत्रिकेचं. भागवतातले ते सात श्लोक, सुदेव ब्राह्मण द्वारकेला निघतो तो प्रसंग. लेक आपल्या घरातून लिहिते की मला इथून ने, नाहीतर मी प्राण ठेवणार नाही. मी ते नेहमीपेक्षा चांगलं सांगितलं. बायका रडल्या. घरी आलो तेव्हा ही जागी होती आणि पोह्यांची बशी ओट्यावर तशीच होती, तिनं ती उचलली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, पुढे तर सगळं नीट झालं ना? झालं. थोरलीला दोन मुलं आहेत, बत्तिसाव्या वर्षी तिनं बी.एड. केलं, आज शाळेत शिकवते. जावई माझ्याशी आदरानं वागतात. काही जण त्यावरून मला सांगतात, बघा गुरुजी, तुम्ही परत धाडलं म्हणून संसार टिकला. असेलही. मी ते खोडून काढू शकत नाही. एवढंच सांगतो की त्या दिवसानंतर तिनं मला स्वतःचं काहीही सांगितलं नाही. तिचं ऑपरेशन झालेलं मला टाके निघाल्यावर कळलं. आणि सणाला फोन आला की ती विचारते, “येऊ का?” धाकटी सांगते, “येतेय.” थोरली वीस वर्षं विचारते आहे.

तुम्ही असंही म्हणाल की दोष तुमचा, विधीला कशाला नावं ठेवता? मान्य. पाण्याच्या धारेनं तिला गाडीत बसवलं नाही, मी बसवलं. पण त्या सकाळी ‘न मम’ हा शब्द माझ्या हाताशी नसता, तर मला स्वतःचं खरं काहीतरी बोलावं लागलं असतं. मला गावाची भीती वाटते, असं म्हणावं लागलं असतं. ते ती समजून घेऊ शकली असती, किंवा भांडली तरी असती. मंत्राशी कोण भांडणार?

नंतर मी महाभारत पुन्हा काढलं. आपल्याच विदर्भाच्या राजांच्या गोष्टी, पण आता मुलीच्या नाही, बापाच्या बाजूनं वाचल्या. लोपामुद्रेच्या बापाकडे अगस्त्य तिला मागायला आला तेव्हा त्याला द्यायचीही नव्हती आणि शापाच्या भीतीनं नाही म्हणायची छातीही नव्हती. शेवटी पोरगीच म्हणाली, मला अगस्त्याला द्या आणि माझ्या बदल्यात स्वतःला वाचवा. ‘त्राह्यात्मानं मया पितः’. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. ब्रह्मलोक असो की शापातून सुटका, सुटतो तो बापच. तिचं पुढचं मला फार आवडतं. नवऱ्यानं जवळ बोलावलं तेव्हा तिनं सांगितलं, माझ्या वडिलांच्या महालात होती तशी शेज आणि दागिने आणा, मग या. दिलेली मुलगी बापाचं घर विसरली नव्हती, आणि तपस्व्याला धन मागत दारोदार फिरावं लागलं.

आणि दमयंतीचा बाप भीम. नळ रानात टाकून गेला, मुलगी कुठे आहे पत्ता नाही. भीमानं ‘दिली होती’ असं म्हटलं नाही. शोधायला चहूकडे ब्राह्मण धाडले, आणणाऱ्याला हजार गाई देईन म्हणाला. चेदीच्या राजवाड्यात ती सापडली आणि कुंडिनपुराला आली. माझी तर न शोधता दारात आली होती.

इतिहासात शिरलो तर तिथे प्रभावतीगुप्ता भेटली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या दुसऱ्या रुद्रसेनाला दिलेली. नवरा लवकर गेला, मुलं लहान, तेव्हा नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकच्या परिसरातून, तिनं राज्य चालवलं. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटात ती आधी माहेरची वंशावळ सांगते आणि स्वतःला धारण गोत्राची म्हणवते. ते बापाचं गोत्र, वाकाटकांचं विष्णुवृद्ध. तिचा दुसरा ताम्रपट आपल्या रिद्धपुरातच सापडला. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी दिल्या घरी राज्य करणारी बाई स्वतःला बापाचीच म्हणत होती. मी हे धाकटीच्या लग्नाआधी भटजींना सांगितलं. ते म्हणाले, “गुरुजी, बाप सम्राट असला की चालतं.” मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. ताम्रपट कोरून घेणं तिला जमलं, कारण मागे पाटलीपुत्र उभं होतं. ज्यांच्या मागे नुसता शाळामास्तर उभा असतो, आणि तोही सरकतो, त्यांनी काय करावं?

म्हणून धाकटीच्या वेळी मी धार सोडली नाही. तो शब्द मला पुन्हा हाताशी नको होता. माझ्या मनात उत्तर इतकंच होतं, आणि चार वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी इथेच थांबलो असतो.

पण लग्नाच्या रात्री मांडव उतरवत होते तेव्हा थोरली अंतरपाटाची घडी करत बसली होती. मी जवळ गेलो. मला वाटलं होतं, तिला बरं वाटलं असेल. हे सगळं मी तिला ऐकू जावं म्हणूनच केलं होतं, हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. ती वर न बघता म्हणाली, “म्हणजे मी दिलेली, आणि ही नाही.”

भागवतात रुक्मीचं पुढे काय झालं ते कीर्तनात आम्ही सहसा सांगत नाही. बहिणीवरून कृष्णाशी कायमचं वैर धरलेला तो भाऊ. पुढे त्यानं आपली नात रोचना बहिणीच्याच नातवाला, अनिरुद्धाला दिली. वैर तसंच होतं, तरी दिली, ‘स्वसुः प्रियचिकीर्षया’, बहिणीला बरं वाटावं म्हणून. रोचनेला काय वाटलं ते तिथे लिहिलेलं नाही. एका मुलीशी बिघडलेलं दुसरीच्या लग्नात सांधायला तो गेला. मीही तेच केलं, फक्त देण्याऐवजी न देऊन. आणि धाकटीनं ‘मला चालेल’ म्हटलं होतं, तेव्हा तिला खरं काय हवं होतं, तेही मी विचारलं नव्हतं.

थोरलीची मुलगी यंदा अकरावीला गेली. परवा आईशी बोलताना थोरली सहज म्हणाली, की लेकीच्या लग्नात आम्ही कन्यादान करणार, दोघं बसून, सगळं रीतसर. मी पलीकडच्या खोलीत होतो. का, ते मी विचारलं नाही.