एक कार्ड, दोन चुली

गावचं रेशन दुकान आमच्या बचत गटाकडे आहे, मशीन मी सांभाळते. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर धान्य मोजतो. मोजायला काय लागतं! दिवस जातो तो अंगठ्यांत. खुरप्यानं रेषा गेलेली बोटं ओल्या फडक्यानं पुसायची, केसांवरून फिरवायची, मग डावं, मग उजवं, आणि तेवढ्यात रेंज गेली की परत पहिल्यापासून.

त्या दिवशी गावातल्या एका आजीचं बोट मात्र लगेच लागलं, आणि मशीननं शिल्लक दाखवली शून्य.

कार्ड अंत्योदयचं, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना मिळतं ते. घरात माणसं कितीही असोत, महिन्याला 35 किलो. या कार्डावर सात नावं. दिवाळीनंतर मुलगा, सून आणि दोन थोरली पोरं कोयत्यावर, ऊसतोडीला, सांगलीकडे गेली. आजीजवळ दोन धाकटी नातवंडं. पोरांचं दुपारचं शाळेतल्या खिचडीवर भागतं, रविवारी तेही नाही.

मुलाला फोन लावला. ‘‘ताई, हितं बी अंगठ्यावर मिळतंय म्हणले, उचललं. आईचं तिकडं निघंल असं वाटलं.’’ त्याचं काय चुकलं? राज्यात कुठंही धान्य घेता येतं, हे आम्हीच बोंबलून सांगितलेलं. थोडं तिथं, उरलेलं गावात, असंही घेता येतं. पण तिथला दुकानदार दोनदा पावती काढायला तयार नाही. एका फटक्यात 35 उचला, म्हणाला. आमच्या धंद्यातली ही आळशी जात मला ओळखीची आहे.

‘‘मग माझं नाव निराळं काढ की गं,’’ आजी म्हणाली. निराळं काढलं तर अंत्योदय एकाकडेच राहणार. दुसऱ्याला प्राधान्य कुटुंबाचं कार्ड, त्यावर माणशी 5 किलो, म्हणजे आजीच्या घराला 15. तेही तालुक्याच्या इष्टांकात, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं त्या ठरलेल्या आकड्यात, जागा असेल तर. तहसीलला विचारलं तर ‘‘सध्या इष्टांक भरलाय’’ एवढंच.

जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट आहे, त्यामुळे शहरातले पाहुणे आले की ऐकवतात, लोक फुकटचा तांदूळ विकून खातात. विकतात, खरंय. आजीही थोडा तांदूळ देऊन ज्वारी घेते. आमच्याकडे भाकरीशिवाय जेवण होत नाही आणि पोत्यात येतात गहू-तांदूळ.

दुकानातून तिला मूठभरही देता येत नव्हतं. थप्पी आणि मशीनचा आकडा जुळलाच पाहिजे. घरची ज्वारी दिली. ‘‘उसनी हाय,’’ असं दोनदा बजावून तिनं पदरात घेतली.

पुढच्या महिन्यात वाटप सुरू झालं की पहिला अंगठा तिचाच घ्यायचा, 15 किलोची पावती काढायची आणि 20 मुलासाठी ठेवायचे, असा हिशेब मी केला होता. तर ही म्हणते, ‘‘मला दहाच काढ. ऊस तोडणाऱ्याला जास्त लागतंय.’’ तिला दहात महिना निघत नाही, मुलाला पंचवीसही पुरत नाहीत. पावती कितीची करायची ते अजून ठरलेलं नाही.