कंपनी कुठली? तुम्ही विचारलंत म्हणून

शेडमध्ये माझा जुना लेथ आहे, लोखंड फिरवत कातायचं यंत्र. तो बघायला पाऊल टाकणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो. आटे नीट पडतात का, कामाचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक कुठून आणला, हे कुणालाच नको असतं. "कंपनी कुठली?" मी म्हणतो, माहीत नाही. मग तो चेहरा. सहा वर्षं एका लेथपायी घालवली आणि नाव ठाऊक नाही?

नाही. एकदाच सांगतो, परत विचारू नका.

भंगारातून किलोवर घेतला तेव्हा नेमप्लेटच्या जागी दोन रिकामी भोकं होती. टेलस्टॉक गायब. आट्यांचं माप बदलायचे चेंज गिअर, त्यांतला एकच शिल्लक. लीड स्क्रूला, म्हणजे आटे कापताना हत्यार सरकवणाऱ्या लांब स्क्रूला, पकडणाऱ्या हाफ नटाचे आटे बोटाला लागत नव्हते इतके झिजलेले. काम धरणारा चक जिथं बसतो त्या स्पिंडलच्या नाकावरच्या आट्यांना 60 अंशाचा गेज बसेना, 55 चा चपखल बसला. म्हणजे व्हिटवर्थ, आट्यांची ब्रिटिश पद्धत, म्हणजे अमेरिकन नव्हे. लीड स्क्रूला इंचात 4 आटे. मी घरात जाहीर करून टाकलं, विलायती आहे! शेजारचे मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, "व्हिटवर्थ आपल्याकडं पण कापत होतेच की." बरोबर होतं त्यांचं. मेट्रिकचा कायदा 1956 साली झाला, पण लेथचे लीड स्क्रू त्यानंतरही इंचातच निघत राहिले. मला ते ऐकायचंच नव्हतं.

तो एकुलता गिअर 40 दातांचा, बाहेरचा व्यास 76.2 मिलीमीटर. त्याला 42 नं, म्हणजे दात अधिक दोननं, भागून मी 1.81 काढलं, जवळचं मॉड्यूल (दातांचं मेट्रिक माप) 1.75 धरलं आणि चार गिअर कापून आणले. लावल्यावर जो किंचाळा सुटला! 76.2 म्हणजे नेमके 3 इंच. 42 भागिले 3, म्हणजे 14 डीपी, दातांचं इंची माप. शाळकरी पोरालाही दिसलं असतं. ते चारही गिअर खिडकीत ठेवलेत, माझ्या माहितीसाठी.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर बेड, म्हणजे लेथचा लांब पाया, ग्राइंड करायला नेला त्या दिवशी आहे.

लेथचा बेड झिजतो तो चकजवळ, कारण सगळं काम तिथं होतं. टेलस्टॉककडचं टोक जवळपास कोरं राहतं, म्हणून ते उंच असतं. बेड सरळ करायचा तर त्या खड्ड्याच्या तळापर्यंत सगळंच खाली आणायचं, म्हणजे सर्वात जास्त माल जातो टेलस्टॉककडून. आणि कंपनीनं यंत्राचा नंबर ठोकायची जागाही पुष्कळदा तीच. साऊथ बेंड या अमेरिकन कंपनीचे नंबर तिथंच असतात, हे मी नंतर वाचलं. नंतर.

ऑपरेटर पोरगा विशीतला असेल. बेड पुसताना थांबला. "सर, हितं काय तर आकडं हाईत बघा. मारू का ऱ्हाऊ दे?"

मी वाकून बघितलं. तेलकट काळपट पत्र्यासारखी जागा, त्यात पाच-सहा आकडे, वाकडेतिकडे, हातानं एकेक ठोकलेले. खिशात मोबाईल होता. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचा प्रश्न तुम्ही तोच विचारणार. खिशात मोबाईल होता आणि मी म्हणालो, "मार. टोकापासून टोकापर्यंत सपाट पाहिजे."

पाणी सुरू झालं, चाक फिरलं. तिसऱ्या-चौथ्या कटला आकडे पुसट झाले. पोरानं एकदा माझ्याकडं पाहिलंही. मी चहा प्यायला बाहेर गेलो.

घाई होती, भाडं तासावर होतं, नंबरचं महत्त्व ठाऊक नव्हतं: ही कारणं मी बरीच वर्षं दिली. पहिली दोन खरी आहेत. तिसरं खोटं. नेमप्लेटच्या भोकांमधलं अंतर मोजून कॅटलॉग धुंडाळणारा माणूस मी. आकडे म्हणजे काय हे मला कळत नव्हतं? ते आकडे बघितल्याबरोबर मनात आलं होतं की एवढे वाकडे ठोके विलायतेत मारत नसतील. हा इथलाच कुणाचा तरी हात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनं दुरुस्त करता करता लोकांनी इंजिनंच बनवली, मग लेथ का नाही? मूळ विलायती लेथचाच साचा करून बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं असेल, तर निवताना ते साधारण एक टक्का आकसतं. मूळ कुठला ते कळलं तर मोजून बघता येईल. अजून तरी मोजलेलं नाही.

माझ्यातला जुना माणूस अजूनही भांडतो: विलायतेतही कामगार माणसंच होती, वाकडं ठोकत असतील. असतील. आणि इथला निघाला असता तर मी सहा वर्षं दिली असती का? दिली असती, असं म्हणावंसं वाटतं.

टेलस्टॉक दुसऱ्याच लेथचा आहे, अडीच सूत बुटका. खाली बिडाची पट्टी घालून, उंचवटे दिसायला निळं लावून, तीन आठवडे हातानं स्क्रेप केला, म्हणजे खरवडला. दोन्ही टोकांच्या सेंटरमध्ये मँड्रेल, म्हणजे सरळ दांडा, धरून मोजायचा डायल फिरवला तर काटा जेमतेम हलतो. त्याबद्दल आजवर एकानंही विचारलेलं नाही.

शेवटचा आकडा 7 होता. किंवा घासलेला 1.