मोडण्यासाठी घेतलेला बोल्ट

उन्हाळ्याच्या ऐन दुपारी स्नो ब्लोअरच्या, म्हणजे दारातला बर्फ उडवणाऱ्या यंत्राच्या, सुट्या भागांची यादी करत बसणारा माणूस घरच्यांना जरा विक्षिप्त वाटतो, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे आहे असे मलाही म्हणवत नाही. परवा गॅरेजमध्ये शिडी काढायला गेलो असताना फडताळावरची एक पत्र्याची डबी हाताला लागली. तिच्यात गेल्या काही हिवाळ्यांचे मोडके बोल्ट होते. नुसते डोके आणि त्याखाली बोटाच्या पेराएवढी दांडी. मोडलेली बाजू मात्र सुरीने कापल्यासारखी सपाट, करडी आणि किंचित चमकणारी. शिडी तशीच राहिली आणि मी एकेक बोल्ट उजेडात धरून पाहत बसलो.

ज्यांच्या दारात हिवाळाभर बर्फ साचतो, त्यांना या शिअर बोल्टची ओळख करून द्यायला नको. पुढचा तो बर्फ आत ओढणारा मळसूत्री ऑगर आणि त्याला फिरवणारा दांडा यांना जोडणारा एवढाच काय तो दुवा. बर्फाखाली दडलेली वीट किंवा गोठून दगड झालेली वर्तमानपत्राची गुंडाळी ऑगरच्या दातांत अडकली की हा बोल्ट मोडतो, ऑगर जागीच थांबतो आणि आतला गिअरबॉक्स वाचतो. त्या गिअरबॉक्समध्ये बहुधा ब्राँझचे एक दातेरी चाक असते, आणि त्याचे दात गेले की नवे यंत्र घ्यावे की जुने दुरुस्त करावे, या विषयावर घरात जी चर्चा होते ती सुखाची नसते.

हे सगळे ठाऊक असूनही, ऐन बर्फवृष्टीत दुसऱ्यांदा बोल्ट मोडला की चांगल्या शहाण्या माणसाची बुद्धी फिरते. नटबोल्टांच्या डब्यात त्याच जाडीचा, त्याच लांबीचा, पण चांगला दणकट बोल्ट पडलेला असतो. इंची मापाच्या बोल्टांच्या डोक्यावरच त्यांचे बळ लिहिलेले असते: तीन रेघा म्हणजे कणखर, सहा रेघा म्हणजे त्याहून कणखर आणि डोके कोरे असेल तर साधे मऊ पोलाद. सहा रेघांचा बोल्ट लावला की तो मोडत नाही, हे खरेच. त्याच्याऐवजी मग गिअर मोडतो. म्हणून कोरा बोल्ट आणून लावावा म्हटले, तर तेही बरोबर नाही. कारण काही यंत्रांच्या बोल्टला दांडीवर मुद्दाम खाच पाडलेली असते आणि तो नेमका तिथेच, ठरलेल्या जोराला तुटावा असा हिशेब असतो. तेव्हा ज्या यंत्राचा बोल्ट त्यालाच लावावा, यात माझ्याकडून तडजोड नाही. बाकी खरेदीत माणूस टिकाऊ वस्तू शोधतो. इथे मात्र वेळेवर मोडेल अशी वस्तू पारखून घ्यावी लागते.

या पारखण्याचीच खरी कटकट आहे. १९२५ साली कॅनडातल्या क्युबेक प्रांतात आर्थर सिकार्ड यांनी ट्रकवर बसवलेले बर्फ उडवणारे यंत्र उभे केले. बर्फ आत ओढायचा आणि नळीतून लांब फेकायचा, हे तत्त्व तेव्हापासून फारसे बदललेले नाही. वाढले आहे ते पार्ट नंबरांचे जंजाळ. यंत्राच्या सांगाड्यावरच्या पट्टीवर एक मॉडेल नंबर असतो, इंजिनावर दुसराच असतो, आणि बेल्ट मागवताना इंजिनाचा नंबर सांगणारे लोक पुष्कळ आहेत. त्यातून कंपनी जुना पार्ट नंबर रद्द करून नवा देते, तो पुढे आणखी बदलते, आणि शेवटी हातात आलेल्या पाकिटावर भलताच आकडा असला तरी आतली वस्तू बरोबर असते. पट्टीवरचे आकडे पुसट होण्याआधी मी त्यांचा फोटो काढून ठेवला आहे आणि शिवाय ते गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिले आहेत. पाहुण्यांना तो कुणाचा तरी फोन नंबर वाटतो.

बोल्ट बरोबर आणला म्हणजे काम झाले, असेही नाही. ऑगर त्या दांड्यावर एखाद्या नळीसारखा बसलेला असतो. त्या दोहोंच्या फटीत पाणी शिरते, गंज चढतो आणि चार हिवाळ्यांनंतर दोघे एकजीव होऊन जातात. मग बोल्ट कितीही मऊ असो, त्याला मोडायला वावच उरत नाही. बोल्ट आपला जागच्या जागी शाबूत आणि सगळा धक्का थेट गिअरला. म्हणून वर्षातून एकदा ऑगरच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट काढायचे, ऑगरवरच्या ग्रीस भरायच्या निपलला ग्रीस गन लावायची, आणि हाताने ऑगर फिरवत, कडेने जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहायचे. ऑगर दांड्यावर मोकळा, आवाज न करता फिरला की मला जे समाधान मिळते, ते घरात कुणाला समजावून सांगण्याचा प्रयत्न मी आता सोडून दिला आहे.

बेल्टचे प्रकरण निराळे. माझ्या लहानपणी आईच्या शिलाई मशीनला चामड्याचा गोल पट्टा होता. तो सैल पडला की चाक फिरे पण सुई हलत नसे. मग आई पक्कडीने तारेची कडी उघडायची, पट्ट्याचा बोटभर तुकडा कापायची, टोकाला टोच्याने भोक पाडायची आणि कडी पुन्हा दाबून बसवायची. कापलेला तुकडा मला मिळत असे. बेल्ट म्हणजे गरजेप्रमाणे लहान करता येणारी वस्तू, अशी माझी समजूत त्यामुळे पक्की झाली होती. स्नो ब्लोअरचा बेल्ट ही सवलत देत नाही. तो बाहेरून मोजून नेमक्या लांबीचा घ्यावा लागतो, आणि रुंदी-लांबी जुळली म्हणून मोटारीचा बेल्ट चढवला तर तो खट्याळपणा करतो. कारण या यंत्रात क्लच म्हणजे बेल्टच असतो: मुठीजवळची दांडी दाबली की एक छोटी पुली त्याला ताणते आणि ऑगर फिरू लागतो, दांडी सोडली की त्याने पकड सोडून निमूट थांबले पाहिजे. मोटारीचा बेल्ट पकड सोडायला तयार नसतो. जुना बेल्ट वाकवून पाहावा. आतल्या बाजूला भेगा दिसल्या किंवा कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, तर करपलेल्या रबराच्या वासाची वाट पाहू नये.

बाकीचे भाग एवढे नखरे करत नाहीत. यंत्राचे तोंड ज्यांवर टेकून घसरते ते बाजूचे स्किड शू एका अंगाने झिजले की बऱ्याच यंत्रांत ते उलटे करून लावता येतात. खालची स्क्रेपर पट्टी फरसबंदीपासून साधारण ३ मिलिमीटर वर राहावी, म्हणून मी तिच्याखाली खोक्याचा पुठ्ठा सरकवतो, शू जमिनीला टेकवतो आणि नट आवळतो. खडीचा रस्ता असेल तर ती बरीच वर उचलावी लागते, नाही तर यंत्र बर्फाऐवजी खडी फेकते. स्पार्क प्लगची फट पुष्कळ इंजिनांत ०.७६ मिलिमीटर असते, आणि नवा प्लग कोऱ्या पाकिटातून निघाला तरी गेज घालून पाहिलेला बरा. यंत्राला पुढे चालवणाऱ्या फ्रिक्शन डिस्कच्या रबरी कडेवर ग्रीसचा थेंब पडू देऊ नये. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उन्हाळ्यात तसेच राहिले की त्याची रोगणासारखी पुटे चढतात. त्याबद्दल सगळेच बोलतात आणि थोडेच लोक टाकी रिकामी करतात. एअर फिल्टर मात्र कुणी शोधत बसू नये. बहुतेक स्नो ब्लोअरच्या इंजिनाला तो नसतोच, कारण उडत्या बर्फाने तो गोठून बंद पडला असता आणि धूळ तर तेव्हा बर्फाखाली गाडलेली असते.

या सगळ्या सुट्या भागांत एक प्लॅस्टिकची काठीही येते. ती बहुतेक यंत्रांच्या अंगावर एका चिमट्यात अडकवलेली असते आणि तुंबलेली नळी मोकळी करण्यासाठी असते. ओला बर्फ नळीत घट्ट बसला की इंजिन बंद करून हात घालण्याचा मोह होतो. पण इंजिन बंद झाले तरी अडकलेल्या इम्पेलरमध्ये, म्हणजे बर्फ नळीतून फेकणाऱ्या पात्यांच्या चाकात, ताण उरलेला असू शकतो, आणि बर्फ सुटताच ते पाते झटक्यात फिरते. दरवर्षी माणसांची बोटे जातात ती अशी, यंत्र बंद असताना. म्हणून काठी चिमट्यात नसेल तर मी इंजिनाची दोरी ओढत नाही. त्या दिवशी फावडे घेतो, कंबर धरते आणि शेजारी हसतात.