अनुभव विचारला, तेव्हा मी बेदाण्याचा हिशेब दाखवला

मार्केटिंगमध्येच काम करायचं, हे माझं बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षातच ठरलं होतं. पण नोकरीच्या साइटवर ‘फ्रेशर्स’ लिहिलेल्या जाहिरातीतही खाली एक-दोन वर्षांचा अनुभव मागितलेला असायचा. जिथे तो नसायचा, तिथे फोन केल्यावर कळायचं की काम क्रेडिट कार्ड नाहीतर विमा विकण्याचं आहे. विक्रीचं काम कमी दर्जाचं नाही, पण ‘मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ म्हणून बोलवायचं आणि फिल्ड सेल्सला, म्हणजे दारोदार फिरून विकायला, पाठवायचं, ही फसवणूक आहे. एकाने तर ट्रेनिंगच्या नावाखाली आधी पैसे भरायला सांगितले. नोकरी देण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर बोलणं तिथेच थांबवा.

गुगलच्या स्किलशॉपवर आणि हबस्पॉट अ‍ॅकॅडमीत ऑनलाइन मार्केटिंगची फुकट सर्टिफिकेट मिळतात, ती मी घेतली. इम्प्रेशन (जाहिरात किती वेळा दिसली), क्लिक, कन्व्हर्जन (त्यातून किती ऑर्डरी आल्या) हे सगळं त्यातून समजलं. पण मुलाखतीत त्याबद्दल कोणी एक प्रश्न विचारला नाही.

माझं गाव सांगली जिल्ह्यातलं तासगाव, आणि मामाची बेदाण्याची शेड आहे. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून रॅकवर वाळवायची, मग माल कोल्ड स्टोरेजला आणि तिथून सौद्याला, म्हणजे लिलावाला. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तरी सौद्यात व्यापारी रंग आणि जाडी बघूनच भाव बोलतो. मी म्हटलं, “मामा, थोडा माल मला दे, पाकिटं करून विकते.” मामा म्हणाला, “ने की. पण तोटा झाला तरी हिशेब मला दाखवायचा.”

तो हिशेबच पुढे कामी आला.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग लावला, गुगलवर शेडचं प्रोफाइल उघडलं आणि दिवाळीच्या आधी इन्स्टाग्रामवर थोड्या पैशांत दोन जाहिराती एकाच वेळी चालवल्या. एकीत नुसता चकचकीत बेदाणा, दुसरीत रॅक आणि माल निवडणारी मामी. ऑर्डरी दुसरीवर आल्या. त्याहून मोलाचे होते ते मेसेज. भाव विचारायच्या आधी बायका विचारत होत्या, “गंधकाची धुरी दिलीय का?” पिवळ्या-हिरव्या रंगासाठी गंधकाची धुरी देतात, हे गिऱ्हाइकाला माहीत असतं आणि त्याची धास्तीही असते. मी बिनगंधकाचा, तपकिरी माल वेगळा काढला आणि रंग असा का आहे, हे जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत लिहिलं. मार्केटिंग म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. गिऱ्हाईक जे विचारतं, त्याचंच उत्तर आधी द्यायचं.

पुण्यातल्या एका छोट्या जाहिरात एजन्सीत मुलाखत होती. अनुभव विचारला, तेव्हा मी हिशेबाची शीट उघडली. सरांनी विचारलं, “एका ऑर्डरमागे जाहिरातीवर किती खर्च परवडतो?” मी सांगितलं, किलोचं पाकीट 450 रुपयांना, त्यात माल 250, पाकीट-खोकं 25, कुरिअर 80. उरले 95. त्याच्या वर गेलं की तोटा. पण तेच गिऱ्हाईक रमजानला स्वतःहून परत आलं, तर दुसऱ्या ऑर्डरला जाहिरात लागत नाही, म्हणून पहिल्या वेळी थोडं जास्त घालता येतं. ते खुर्चीत पुढे सरकून बसले. मग एका फर्निचरच्या दुकानासाठी जाहिरात लिहायला सांगितली. मी आधी त्या दुकानाला आलेले मेसेज वाचायला मागितले.

नोकरी मिळाली. हातात असलेल्या फिल्ड सेल्सच्या ऑफरपेक्षा पगार कमी होता आणि घरात त्यावरून बरीच चर्चा झाली, पण इथे जाहिरातींची खाती स्वतः हाताळायला मिळणार होती, म्हणून हीच घेतली. आता सकाळी आल्यावर मी आधी लोकांनी गुगलवर काय टाकून आमच्या जाहिरातीवर क्लिक केलं, ती यादी वाचते. त्या फर्निचरवाल्याच्या यादीत ‘सुतार नोकरी’, ‘फर्निचर कोर्स’ असले शब्द निघतात. ते वगळले की नको त्या क्लिकवर जाणारे दुकानदाराचे पैसे वाचतात.