हरीण खरं होतं का?

शाळेच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेत गॅदरिंग, सहली आणि पीटीच्या शिट्टीवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी तर्कशास्त्राच्या तासांवर लिहितो. दहावीला बेताचे मार्क पडले, सायन्सचा प्रश्नच नव्हता, म्हणून आपल्याच शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात आर्ट्सला राहिलो. तर्कशास्त्र घेतलं ते मोठ्या मुलांच्या सांगण्यावरून. सत्यता कोष्टकं, म्हणजे विधान खरं की खोटं ते मांडायचे तक्ते, बिनचूक भरली की पैकीच्या पैकी, असा त्यांचा हिशोब.

सरांनी पहिल्याच आठवड्यात पुस्तक मिटवून ठेवलं. (त्यांचं नाव लिहीत नाही, छापलेलं आवडणार नाही त्यांना.) म्हणाले, "पंचवटीतली पोरं ना तुम्ही? मग सोन्याच्या हरणापासून सुरू करू."

सीतागुंफेच्या रांगेतून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट सांगत वाढलेली आम्ही पोरं, ही गोष्ट आम्हाला कोण नवीन सांगणार? पण सरांनी फळ्यावर चार शब्द लिहिले: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. न्यायदर्शन या भारतीय तत्त्वज्ञानाच्या परंपरेनं मानलेली ही चार प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधनं; उपमान म्हणजे साम्यावरून ओळखणं आणि शब्द म्हणजे विश्वासातल्या माणसाचं सांगणं. सीतेला हरीण दिसलं, ते प्रत्यक्ष. असं रत्नांचं हरीण जगात नसतं, हा मारीचच असणार, असं लक्ष्मण म्हणाला, ते अनुमान. मग रानातून रामाच्या आवाजात हाक आली आणि सीतेनं ती खरी मानली. डोळे फसले, कानही फसले. टिकलं ते लक्ष्मणाचं अनुमान. जडवादी चार्वाक प्रत्यक्षाशिवाय दुसरं प्रमाण मानत नाही, हे सरांनी सांगितल्याबरोबर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे चार्वाक हरणामागे पळाला असता का, सर?" सरांनी खडू खाली ठेवला आणि उरलेला तास त्या प्रश्नाला दिला.

ज्ञानशास्त्राचा मुख्य प्रश्न तिथंच गाठ पडला. एखाद्या गोष्टीची खात्री असणं आणि तिचं ज्ञान असणं यात फरक काय? प्लेटोच्या संवादांपासून चालत आलेलं एक उत्तर असं की मत खरं हवं आणि त्याला सबळ कारणही हवं. 1963 मध्ये एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञानं अवघ्या तीन पानांच्या लेखात त्याला सुरुंग लावला. सर तो सुरुंगही हरणावरच घालून सांगायचे. समजा सीता म्हणाली, "त्या झाडीत हरीण आहे." दिसतोय तो मारीच, पण त्याच्यामागे, तिला न दिसणारं एक खरंखुरं साधं हरीण चरत उभं आहे. तिचं वाक्य खरं, कारणही डोळ्यांसमोर. मग तिला ते माहीत होतं म्हणायचं का? वर्ग गप्प. आजही मला याचं धड उत्तर देता येत नाही, आणि देणाऱ्यांचं एकमेकांशी पटत नाही.

सत्ताशास्त्राला, म्हणजे वस्तू मुळात काय असते या विचाराला, मात्र मी वैतागायचो. मारीच हरीण झाला, म्हणजे वस्तू बदलली की नुसतं रूप? सगळे गुण पालटले तरी ‘तोच’ म्हणायला मागे काय उरतं? आम्हाला त्यातला आणखी एक प्रश्न जवळचा वाटला. मारीच आधी नको म्हणत होता. रावणानं जिवाची धमकी दिली म्हणून गेला. मग ते कृत्य त्याचं की रावणाचं? आणि रावणाचा वध आधीच ठरलेला असेल, तर दोष कुणालाच का द्यायचा?

इथून नीतिशास्त्र सुरू झालं. लक्ष्मणाला भावाची आज्ञा, जागचा हलू नकोस. वहिनीची आज्ञा, आत्ताच्या आत्ता जा. जर्मन तत्त्वज्ञ कांट विचारील, तुझ्या वागण्यामागचा नियम सगळ्यांना लागू करशील का? इंग्रज तत्त्वज्ञ मिल विचारील, परिणाम काय होईल? वर्गात दोन तट पडले, आणि मुलींचा तट जास्त तयारीचा होता.

पण माझ्या डोक्यात कायमचा बसला तो काळाराम मंदिराच्या दरवाज्याबाहेरचा तास. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथं मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटानं चालवला, आणि पाच वर्षं तो चालला तरी दार उघडलं नाही. दार अडवणाऱ्यांचं म्हणणं काय होतं? रूढी आहे, असंच चालत आलंय. सर म्हणाले, "चालत आलंय हे खरं धरू. त्यातून ‘चालावं’ हे कसं निघतं?" ‘आहे’ पासून ‘असावं’ कडे लोक गुपचूप उडी मारतात, हे डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं 1740 मध्ये लिहून ठेवलं. पुस्तकात तो एक परिच्छेद आहे. आम्ही तो त्या दारात उभं राहून ऐकला.

सौंदर्यशास्त्राच्या वाट्याला परीक्षेच्या तोंडावरचे उरलेसुरले तास आले. सुंदर हे वस्तूत की बघणाऱ्यात, एवढं विचारून सर पुढे सरकले. राहिलं नेमलेलं तर्कशास्त्र. ‘सर्व नाशिककर मिसळ खातात, अमुक मिसळ खातो, म्हणून अमुक नाशिककर’ हा युक्तिवाद अयुक्त का, हे वर्गातल्या एकुलत्या एक पुणेकरानं सर्वांत आधी सांगितलं.

पुढे मी आयटीआय करून अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागलो. लॉटमधले थोडे नग गेजवर तपासायचे आणि अख्खा लॉट पास करायचा, हे माझं रोजचं काम. पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याबद्दल बोलायचं, म्हणजे सरांच्या भाषेत विगामी अनुमान. त्याला पक्का तार्किक आधार नाही, हेही ह्यूमचंच. नवीन पोरगं "साहेब, नक्की ओके ना?" म्हणतं तेव्हा मी सही करतो आणि सॅम्पलिंगचा तक्ता त्याच्या पुढे सरकवतो. ‘नक्की’ हा शब्द त्या तक्त्यात कुठंच नाही.

महोत्सव समितीला एक विनंती. अकरावीची तर्कशास्त्राची तुकडी पोरं कमी म्हणून बंद करायचं घाटतंय, असं कानावर आलंय; म्हणजे पुन्हा ‘शब्द’ प्रमाण, तेव्हा खरंखोटं आधी सांगा. खरं असेल तर निर्णयापूर्वी माजी विद्यार्थ्यांना एकदा बोलवा. माझी साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते.